पायासीचे प्रयोग

कोसल देशातल्या सेतव्या नगरीत एका दुपारी पायासी वामकुक्षीसाठी माडीच्या गच्चीवर गेला होता. खालच्या रस्त्याने माणसे घोळक्याघोळक्याने उत्तरेकडच्या शिसवीच्या बनाकडे निघालेली त्याला दिसली. त्याने कारभाऱ्याला विचारले, मंडळी कुठे निघाली? कुमारकस्सप नावाचा एक भिक्खू मोठ्या संघासह बनात उतरला आहे, विद्वान आहे, बोलतो गोड, त्याच्या दर्शनाला निघालीत, असे उत्तर आले. पायासीने लोकांना निरोप धाडला की थांबा, मीही येतो. हा निरोप भक्तीपोटी नव्हता. परलोक आहे, मेल्यानंतर जीव पुन्हा जन्म घेतो, बऱ्यावाईट कर्माचे फळ मिळते, असे सांगून हा भिक्खू आपल्या भोळ्या रयतेला भुलवील, तेव्हा त्याला आपणच गाठले पाहिजे, असे त्याच्या मनात होते.

पालीतल्या दीघनिकाय या बौद्ध ग्रंथात तेविसावे सुत्त या पायासीच्या नावाचे आहे. तो राजा नव्हता. कोसलचा राजा पसेनदी, म्हणजे प्रसेनजित, याने त्याला सेतव्या इनाम दिली होती. धान्य, पाणी, चारा, लाकूडफाटा यांनी भरलेली ती वसती, आणि तिच्यावर राजासारखी सत्ता चालवणारा हा राजन्य. काळ बुद्धाचा, म्हणजे ढोबळमानाने इसवी सनापूर्वीचे पाचवे शतक. या सुत्तात बुद्ध मात्र कुठेच येत नाहीत. वाद होतो तो पायासी आणि कुमारकस्सप या दोघांतच.

त्या काळी गंगेच्या खोऱ्यात मरणोत्तर अवस्थेचा प्रश्न केवळ आश्रमातल्या चर्चेचा राहिला नव्हता. मगधाचा अजातशत्रू बापाचा जीव घेऊन गादीवर बसला होता, आणि एका चांदण्या रात्री बुद्धापुढे बसून त्याने सहा आचार्यांची मते सांगितली, असे दीघनिकायातच आहे. त्यांतला अजित केसकंबली म्हणे की माणूस चार महाभुतांचा बनलेला आहे, मेल्यावर माती मातीत आणि पाणी पाण्यात मिळते, प्रेत स्मशानात जाते, हाडे उरतात, आणि दानधर्माची महती ही मूर्खांची शिकवण आहे. पकुध कच्चायनाने सात अविनाशी तत्त्वे मानली. त्यांच्या मधून शस्त्र गेले तरी कोणी कोणाला मारत नाही, असे त्याचे म्हणणे. संजय बेलट्ठिपुत्त परलोक आहे असेही म्हणत नसे, नाही असेही म्हणत नसे. इतकी मोकळीक असलेला काळ आपल्या इतिहासात फार थोडा आला.

याच सेतव्येवरून आपल्याकडची माणसेही गेली होती. सुत्तनिपाताच्या पारायणवग्गात गोदावरीकाठच्या बावरी नावाच्या वृद्ध ब्राह्मणाची कथा आहे. त्याने आपले सोळा शिष्य बुद्धाकडे पाठवले. त्यांच्या वाटेवरची गावे तिथे ओळीने दिली आहेत: पतिट्ठान म्हणजे आपले पैठण, मग माहिष्मती, उज्जैन, विदिशा, कोसंबी, साकेत, श्रावस्ती आणि त्यानंतर सेतव्या. पुढे कपिलवस्तू, कुसिनारा, पावा, वैशाली करत ते मगधात पोचले. तिथे त्यांनी विचारलेले प्रश्न याच जातीचे होते. मोघराजाने विचारले, जगाकडे कसे पाहिले असता मृत्युराजाच्या नजरेस पडत नाही? उपसीवाने विचारले, जो पूर्ण विझला तो नाहीसा होतो की कायमचा सुखात राहतो? गोदेच्या काठावरून शेकडो कोस चालत जाऊन विचारावा असा हा प्रश्न त्या लोकांना वाटत होता. महाराष्ट्राच्या विचाराचा इतिहास सांगताना आपण फार उशिरापासून सुरुवात करतो. ती या वाटेपासून करायला हवी, असे मला मनापासून वाटते.

तर पायासी बनात पोचला, बसला, आणि त्याने आपले मत सरळ मांडले. कस्सपाने विचारले, असे मानायला तुझ्यापाशी आधार काय? या प्रश्नाला पायासीने जी उत्तरे दिली त्यांमुळे हे सुत्त माझ्या लेखी भारतीय विचाराच्या इतिहासात फार वेगळे ठरते. त्याने कोणत्याही ग्रंथाचा किंवा गुरूचा हवाला दिला नाही. मी करून पाहिले, असे तो म्हणाला.

पहिला प्रयोग अगदी साधा होता. त्याचे काही नातेवाईक चोरी, हत्या, व्यभिचार यांत आयुष्य घालवून मरणपंथाला लागले होते. पायासी त्यांच्या उशाशी गेला. साधू म्हणतात ते खरे असेल तर तुम्ही आता नरकात जाल, तेव्हा गेलात की मला येऊन सांगा, तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे, असे त्याने त्यांना सांगितले. ते हो म्हणाले आणि मेले. कोणी आले नाही, निरोपही आला नाही. मग सदाचारी नातेवाइकांना त्याने हेच सांगितले, स्वर्गात गेलात तर कळवा. त्यांच्याकडूनही काही आले नाही.

कस्सपाचे उत्तर असे: पकडलेल्या चोराने जल्लादाला म्हटले, जरा थांब, घरच्यांना भेटून येतो, तर जल्लाद सोडील का? नरकपालही सोडत नाहीत. आणि शौचकूपात बुडालेल्या माणसाला बाहेर काढून, न्हाऊ घालून, उटणी लावून, माडीवर बसवले, तर तो पुन्हा त्या खड्ड्यात उतरेल का? देवांना माणसांचा वास तसाच येतो. शिवाय तावतिंस स्वर्गातला एक दिवस म्हणजे इथली शंभर वर्षे. दोनतीन दिवस जरा स्थिरस्थावर होऊ, मग पायासीला सांगून येऊ, असे कोणी ठरवले तरी तोवर पायासी कुठे असणार? यावर पायासीने जे विचारले ते आजच्या कोणत्याही चिकित्सक माणसाला शोभेल: तावतिंस देव आहेत आणि त्यांचे आयुष्य एवढे आहे, हे तुला कोणी सांगितले? कस्सपाने जन्मांधाचा दाखला दिला. त्याला रंग दिसत नाहीत म्हणून रंग नाहीत असे होत नाही. परलोक दिव्यचक्षूने दिसतो, चर्मचक्षूने नव्हे. हा दाखला सुरेख आहे, पण मूळ प्रश्न त्याने सुटत नाही. आंधळ्याला डोळसाची साक्ष दुसऱ्या वाटेने पडताळता येते. पायासी नेमकी ती वाट मागत होता.

मग पायासीने साधूंनाच धरले. मेल्यावर याहून चांगली गती मिळणार अशी या शीलवंतांची खात्री असेल, तर ते विष का घेत नाहीत, कड्यावरून उडी का टाकत नाहीत? ज्या अर्थी त्यांना जगावेसे वाटते, त्या अर्थी त्यांचीही खात्री नाही. कस्सपाने एका ब्राह्मणाच्या दोन बायकांची भयंकर गोष्ट सांगितली. नवरा वारला. थोरल्या सवतीच्या मुलाने वारसा मागितला. धाकटी गरोदर होती. पोटात मुलगा आहे की मुलगी, म्हणजे आपल्याला हिस्सा मिळेल की नाही, हे बघायला तिने सुरीने स्वतःचे पोट चिरले आणि जिवाला मुकली. शहाणे लोक कच्चे फळ तोडत नाहीत. शीलवंत माणूस जितका जगेल तितके इतरांचे कल्याण होते.

या प्रश्नाला आपल्या भाषेतल्या एका माणसाने स्वतःच्या देहाने उत्तर दिले. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी बुद्धाच्या ओढीने घरदार सोडून सिंहलद्वीपापर्यंत गेले, फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागले आणि पुढे त्यांनी ‘भगवान बुद्ध’ लिहिले. आपला देह आता कोणाच्या उपयोगाचा राहिला नाही, असे वाटू लागल्यावर त्यांनी अन्नत्याग करून मरण पत्करायचे ठरवले. गांधीजींनी त्यांना एकदा थांबवले. पण शेवटी सेवाग्रामात महिनाभराच्या उपोषणानंतर ४ जून १९४७ रोजी त्यांनी देह ठेवला. वरच्या लोकात काही मिळेल म्हणून त्यांनी हे केले नाही. इतरांच्या कल्याणासाठी जगायचे, हे कस्सपाचे मापच त्यांनी घेतले आणि ते स्वतःला लावून पाहिले. त्यांचे ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ हे पुस्तक त्यांच्यामागून प्रसिद्ध झाले. जैन तीर्थंकर पार्श्वनाथाच्या परंपरेचा या कथेशी संबंध आहे; तो पुढे येईल.

आता पायासीचे खरे प्रयोग. त्याच्यापुढे एका चोराला आणले. पायासीने हुकूम केला, याला जिवंतपणीच मोठ्या मडक्यात घाला, तोंडाला ओले कातडे ताणून बांधा, वर ओल्या मातीचा जाड लेप द्या आणि मडके चुलीवर चढवा. चोर मेला अशी खात्री झाल्यावर मडके उतरवून तोंड हळूच उघडले आणि जीव बाहेर पडताना दिसतो का ते सगळ्यांनी वाकून पाहिले. दिसला नाही. दुसऱ्या चोराला आधी जिवंत तोलले, मग धनुष्याच्या दोरीने गळा आवळून मारले आणि पुन्हा तोलले. आणखी एकाला कातडी, मांस, हाड यांना धक्का न लावता मारायला सांगितले. प्राण जाता जाता त्याला उताणा, पालथा, कुशीवर करून पाहिले, वेताने आणि शस्त्राने ठोकून पाहिले. डोळे तेच, समोर रंगही तेच, पण डोळा पाहीना. शेवटच्या चोराची कातडी सोलली, मांस कापले, स्नायू तोडले, हाडे फोडली, मज्जा काढली. जीव कुठेच सापडला नाही.

तोलण्याच्या प्रयोगाचा निकाल सुत्तात असा आहे की जिवंत असताना देह हलका, मऊ आणि वळवता येण्याजोगा होता. मेल्यावर जड आणि ताठ झाला. प्रेताला खांदा देणारे आपल्याकडेही म्हणतातच की मेलेले माणूस जड होते. पायासीचा हिशेब असा: काही बाहेर गेले असते तर वजन घटले असते. कस्सपाने तापलेल्या लोखंडी गोळ्याचा दाखला दिला. गोळा तप्त असताना हलका आणि मऊ असतो, निवल्यावर जड आणि कठीण होतो. तसाच आयुष्य, उष्णता आणि विज्ञान, म्हणजे जाणीव, यांनी युक्त देह हलका असतो. तापवल्याने लोखंडाचे वजन घटत नाही, हे तराजूत घालून दोघांपैकी कोणालाही बघता आले असते. तराजू तिथेच होता, पण कोणी पाहिले नाही.

अडीच हजार वर्षांनी अमेरिकेत हेवरहिल गावच्या डंकन मॅकडूगल या डॉक्टराने हाच प्रयोग परत केला. खाट वजनकाट्यावर बसवून त्याने मरणासन्न रुग्ण तोलले आणि १९०७ साली निष्कर्ष छापले. रुग्ण अवघे सहा. पहिल्याचे वजन मरणक्षणी पाऊण औंसाने, म्हणजे सुमारे २१ ग्रॅमने, घटल्याचे त्याला दिसले. बाकीच्यांत मेळ नव्हता, दोघांची मापे त्याने स्वतःच बाद धरली. पंधरा कुत्रेही तोलले, त्यांत घट आढळली नाही. जीव आहे असे मॅकडूगलला दाखवायचे होते आणि त्याला देह हलका झालेला दिसला. जीव नाही असे पायासीला दाखवायचे होते आणि त्याला देह जड झालेला दिसला.

कस्सपाच्या बाकीच्या दाखल्यांत मात्र विचार आहे. मडक्यातून जीव दिसला नाही? मग दुपारी तू झोपतोस, स्वप्नात बागा आणि तळी हिंडून येतोस, तेव्हा तुझ्याजवळ बसलेल्या दासींना तुझा जीव जाता-येताना दिसतो का? शंख फुंकणारा एका सीमेवरच्या गावी गेला. गावकऱ्यांनी कधी शंख ऐकला नव्हता. त्यांनी शंखाला उताणे, पालथे केले, काठीने ठोकले, बोल म्हणून विनवले. शंख बोलेना. शंख, माणूस, प्रयत्न आणि वारा एकत्र आले तेव्हाच नाद झाला. आणि अग्निपूजक जटाधारी तापसाची गोष्ट: तो बाहेर जाताना पोराला सांगून गेला की आग विझू देऊ नको, विझलीच तर आग काढायला या अरणी आहेत. पोर खेळात रमले, आग विझली. त्याने अरणी कुऱ्हाडीने फोडली, ढलप्या केल्या, उखळात कुटल्या, भुसा वाऱ्यावर उधळला. आग निघाली नाही.

हे दाखले नीट पाहिले तर कस्सप आत्म्याची बाजू मांडतच नाही. शंखात नाद लपून बसलेला नसतो आणि अरणीत आग साठवलेली नसते. घटक जुळले की ती प्रकटते. आत्मा नावाची वस्तू देहात कुठे ठेवलेली आहे असे बौद्ध मानत नाहीत. म्हणून पायासी जी वस्तू शोधत होता ती सापडणार नाही, हे कस्सपालाही मान्य होते. वाद होता तो पुढे काही चालू राहते की नाही याचा. आत्मा नाही असे मानणारे दोघे एकमेकांशी परलोकावर भांडत आहेत, हे या सुत्ताचे वैशिष्ट्य मला फार मोलाचे वाटते.

इतक्या दाखल्यांनंतरही पायासी मत सोडीना. त्याचे कारण त्याने स्वतःच दिले. पसेनदी राजा आणि इतर राजेही मला या मताचा म्हणून ओळखतात. आता ते सोडले तर लोक म्हणतील, पायासी किती मूर्ख होता. तेव्हा रागाने, दंभाने, हट्टाने का होईना, मी ते धरूनच राहणार. कस्सपाने दोन मित्रांची गोष्ट सांगितली. दोघे तागाचे भारे घेऊन निघाले. वाटेत तागाचे सूत, मग तागाचे कापड, पुढे कापूस, लोखंड, तांबे, रुपे आणि शेवटी सोने पडलेले दिसले. एक जण प्रत्येक वेळी हातातले टाकून चांगले उचलत गेला. दुसरा म्हणाला, हा भारा मी लांबून आणलाय, नीट बांधलाय, मला हाच पुरे.

पायासी हसला असावा. तो म्हणाला, पहिल्या दाखल्यालाच मला पटले होते, पण तुझ्या तोंडून आणखी ऐकावे म्हणून मी उलट बोलत राहिलो. त्याने शरण जाऊन विचारले, आता महायज्ञ कसा करू? कस्सपाने सांगितले की ज्यात गायी, शेळ्यामेंढ्या, कोंबड्या, डुकरे मारली जातात तो यज्ञ खडकाळ रानात कुजके बी पेरल्यासारखा आहे.

इथे मी दरवेळी थांबतो. गायी आणि कोंबड्यांची हत्या कस्सपाला दिसली. मडक्यात घालून शिजवलेल्या माणसाबद्दल संपूर्ण सुत्तात त्याने पायासीला एक शब्द विचारला नाही. चोराला शिक्षा झाली होती, राजन्याला तो अधिकार होता, त्या काळचा दंड असाच होता, हे सगळे मला ठाऊक आहे. तरीही ज्या परंपरेने अंगुलिमालासारख्या खुन्याला जवळ केले, तिच्या एका थोर वक्त्यापुढे चार माणसांचा जीव घेतल्याची हकिकत सांगितली जाते आणि चर्चा फक्त दाखला बरोबर बसतो की नाही याची होते. ते चोर कोण होते, त्यांनी काय चोरले होते, हे कोणी नोंदवले नाही. आत्म्याविषयीच्या एवढ्या मोठ्या वादात वेदनेचा उल्लेख नाही.

हीच कथा जैनांनीही जपली. ‘रायपसेणिय’ या उपांगात राजा पएसी आहे, नगरी सेयविया आहे आणि उत्तर देणारा केशी हा पार्श्वनाथाच्या परंपरेतला श्रमण आहे. चित्त नावाचा सारथी घोडे पारखायच्या निमित्ताने राजाला उद्यानात नेतो आणि तिथे वाद होतो. पापी आजोबा आणि पुण्यवान आजी परत आले नाहीत, हा आक्षेप तोच. लोखंडी कुंभीत कोंडलेला चोर तोच. पण निकाल आणि उत्तरे बदलतात. इथे जिवंत आणि मृत देहाचे वजन सारखेच भरते, आणि केशी वाऱ्याने भरलेल्या आणि रिकाम्या कातडी पिशवीचा दाखला देतो: पिशवीच्या वजनात फरक पडत नाही म्हणून वारा नाही असे होईल का? बंद कोठारात नगारा वाजवला तर भिंतीला भोक न पडता नाद बाहेर येतो. जीवही तसाच जातो. हत्ती आणि सूक्ष्म किडा यांचा जीव सारखाच, कारण दिवा जेवढ्या झाकणाखाली ठेवावा तेवढीच जागा उजळतो. जैनांना जीव हवा होता, म्हणून त्यांच्या कथेत तो खरोखरच देहातून देहात जातो. कथा एकच, पण दोन दर्शनांनी ती आपापल्या मताप्रमाणे घडवली. मूळ कोणाची याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मला वाटते ती दोघांच्याही आधी लोकांच्या तोंडी असावी. पाली सुत्त सिंहलात इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात लिहून काढले गेले, जैन आगम वलभीला इसवी सनाच्या पाचव्या शतकात ग्रंथबद्ध झाले, आणि त्याच शतकाच्या सुरुवातीपर्यंत पायासीचा वाद चिनी भाषेतही पोचला. नास्तिकाच्या तोंडचा एवढा मोठा युक्तिवाद त्याच्या विरोधकांनी इतकी शतके पाठ करून जपला. चार्वाकांचे स्वतःचे मूळ ग्रंथ आपल्याला मिळाले नाहीत. त्यांची मते आपण बहुतांशी प्रतिपक्षाच्या तोंडूनच ऐकतो.

दोन्ही कथांचा शेवटही वेगळा. पएसी धर्माला लागल्यावर राज्याच्या उत्पन्नाचे चार भाग करतो आणि एक दानशाळेला देतो. संसारातून त्याचे लक्ष उडालेले पाहून राणी सूर्यकांता त्याला विष घालते. तो तिच्याविषयी राग न धरता मरतो आणि सूर्याभ देव होतो.

पायासीचे दान मात्र हात आखडून चाललेले होते. कण्यांची पेज, आंबट कांजी आणि जाडेभरडे कापड. वाटपाचे काम उत्तर नावाच्या तरुणाकडे होते. दान वाटताना तो मोठ्याने म्हणे, या दानाने पायासीची नि माझी गाठ याच लोकी पडो, परलोकी नको. पायासीने बोलावून जाब विचारला. उत्तर म्हणाला, जे अन्न तुम्ही पायानेही शिवणार नाही ते लोकांना देता. मग पायासीने त्याला सांगितले, मी जे खातो आणि नेसतो तेच दे. पण स्वतःच्या हाताने, मनापासून त्याने काही दिले नाही. मेल्यावर तो सेरिस्सक नावाच्या ओसाड विमानात, म्हणजे देवलोकातल्या प्रासादात, एकटा जन्मला, आणि मनापासून वाटणारा उत्तर त्याच्याहून वर, तावतिंस देवांत गेला.

त्या ओसाड विमानात गवंपती नावाचा अर्हत दुपारी विसाव्याला जात असे. पायासीने त्याच्यापाशी निरोप दिला: मनुष्यलोकी जाऊन सांग, आदराने दान करा, आपल्या हाताने करा, पायासी इथे आहे आणि उत्तर तिथे. ज्याने आयुष्यभर परलोकातून एका निरोपाची वाट पाहिली, त्याच्याच तोंडी रचणाऱ्यांनी शेवटी तो निरोप घातला. हा श्रद्धावंतांनी लिहिलेला शेवट आहे. पायासीला तो स्वतः लिहिता आला नाही. कोण कुठे जन्मला हे एवढ्या बारकाईने सांगणाऱ्या या सुत्तात मडक्यातल्या त्या चोराची गती मात्र कुठेच सांगितलेली नाही.